@ दाबल्यावर कोणता पाटील?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण, आपल्या भागातल्या पतसंस्था, महाविद्यालये, पाणीवापर संस्था संकेतस्थळ करून घेताना हल्ली एक मागणी हमखास करतात. तक्रारीच्या किंवा शेऱ्याच्या चौकटीत @ दाबले की माणसांची यादी यावी, दोन अक्षरे टाकताच नाव सापडावे, निवडले की त्या माणसाला सूचना जावी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असते तसेच. मागणी रास्त आहे. 'वसुली विभागाने पाहावे' असे मोघम लिहिण्यापेक्षा नेमक्या माणसाला टॅग केले तर काम हलते. अडचण अशी की करून देणारे एखादी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड, उचलतात, इंग्रजी चार नावांवर चालवून दाखवतात आणि बिल लावतात. ती लायब्ररी जॉन आणि मेरीसाठी लिहिलेली असते. आपल्याकडे ती कुठे कुठे अडते आणि त्यावर काय करायचे, ते काम देणाऱ्यांना आणि काम करणाऱ्या मुलांना उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

पहिली ठेच @ वरच लागते. संस्थांच्या कार्यालयात इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-रचनेवर टंकलेखन शिकलेले कर्मचारी असतात. विंडोजच्या मराठी इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि २ दाबले की @ येत नाही, 'ॅ' उमटतो. म्हणजे कीबोर्ड इंग्रजीत न्यायचा, @ टाकायचा, परत मराठीत यायचे. दोन दिवसांत माणूस कंटाळून ती सोय विसरतो. उपाय साधा आहे: चौकटीच्या कडेला 'व्यक्ती निवडा' असे बटण द्यावे, ते दाबले तरी तीच यादी उघडावी. बटणासाठी वेगळा कोड लागत नाही, कर्सरच्या जागी @ घालून पुढचा रस्ता तोच.

मोबाईलची गोष्ट निराळी. तिथे @ मिळतो, पण ब्राउझरला तो कळ म्हणून कळत नाही. अँड्रॉइडवर बहुतेक कळांसाठी 'कीडाउन' (कळ दाबल्याची वर्दी) या घटनेत २२९ हाच क्रमांक येतो, मग तुम्ही 'प' दाबा नाहीतर @. ज्याने कळ पकडून यादी उघडायचा कोड लिहिला, त्याची सोय संगणकावर चालते आणि फोनवर मुकी राहते. म्हणून कळेकडे न पाहता 'इनपुट' घटना धरावी. मजकूर बदलला की कर्सरपासून मागे वाचत जावे, @ सापडतो का पाहावे, मधला भाग शोधशब्द म्हणून घ्यावा. विंडोजच्या मराठी फोनेटिक कीबोर्डवर शब्द तयार होत असताना त्याची स्वतःची पर्यायांची पट्टी उघडी असते. तेव्हा एंटर दाबले तर ते कीबोर्डसाठी असते, आपल्या यादीसाठी नसते. शब्दजुळणी चालू आहे की नाही हे ब्राउझर सांगतो. ते न तपासल्यास 'जाधव' लिहिता लिहिता भलतेच नाव चिकटते.

मागे वाचायचे ते कुठवर? इथे तयार कोडमधली सर्वांत जुनी खोड निघते. शोधशब्द ओळखायला बॅकस्लॅश डब्ल्यू (\w) हा संकेत वापरतात. जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेत त्याचा अर्थ इंग्रजी अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेष, बस्स. देवनागरीतले एकही अक्षर त्यात बसत नाही, म्हणून '@पाटील' लिहिले तरी शोधशब्द रिकामा. थोडे जाणकार त्याऐवजी 'कोणत्याही लिपीचे अक्षर' हा युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) वर्ग घेतात. तेही अर्धवटच. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे युनिकोडच्या हिशेबी अक्षर नसून 'चिन्ह' या वेगळ्या वर्गात येतात. त्यामुळे 'पाटील' मधला नुसता 'प' हाती लागतो आणि काना आला की यादी बंद. अक्षरे आणि चिन्हे हे दोन्ही वर्ग घ्यावे लागतात, शिवाय अदृश्य जोडचिन्ह वेगळे सांगावे लागते. ते का, ते पुढे येईल.

नावात मोकळी जागा असते हाही प्रश्न आहे. 'संजय पा' असे लिहिणाऱ्याची यादी 'संजय' नंतर बंद झाली तर काय उपयोग? दोन मोकळ्या जागा चालू द्याव्यात, तिसरी आली, नवी ओळ आली किंवा शोधशब्द ३० खुणांच्या (अक्षर, काना, मात्रा सुटे मोजून) पुढे गेला की यादी मिटावी. मात्र @ च्या लगेच मागे अक्षर असेल तर तो ईमेलचा पत्ता समजून गप्प बसावे. आणि @ च्या पुढे लगेच मोकळी जागा किंवा अंक आला तरी गप्प बसावे. सांगलीच्या हळद बाजारात आणि तासगावच्या बेदाण्यात दर लिहिताना 'राजापुरी ४० पोती @ १४५००' असे लिहायची पद्धत आहे. यादी तिथे उघडी राहिली आणि व्यापाऱ्याने सवयीने एंटर दाबले, तर दराच्या जागी संचालकांचे नाव बसते! अंक देवनागरी आणि इंग्रजी, दोन्ही धरावेत.

आता खरा गाभा, म्हणजे नावे. 'कऱ्हाडकर' हे आडनाव घ्या. कराड सांगलीहून तासा-दीड तासावर, त्यामुळे प्रत्येक यादीत हे आडनाव सापडायचेच. त्यातला 'ऱ्ह' संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एक, खाली टिंब असलेला 'ऱ', हलन्त आणि 'ह'. दुसरी, साधा 'र', हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि 'ह'. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. नोंदणी एका कीबोर्डवरून झाली, शोधणारा दुसऱ्यावर बसला, की 'असे नाव नाही'. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची निराळी रूपे एक करण्याची ठरलेली प्रक्रिया, चालवले की भागते असे काहींना वाटते. त्याने टिंबाचा 'ऱ' आणि 'र' अधिक नुक्ता (खालचे सुटे टिंब) हे एक होतात, जोडचिन्हाचा प्रकार तसाच राहतो. तो आपल्यालाच बदलून घ्यावा लागतो. बोऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे सगळे याच रांगेत.

वकिलांचे हाल आणखी. 'ॲड.' मधला पहिला वर्ण तीन तऱ्हांनी येतो: २००८ च्या युनिकोड ५.१ पासून मिळालेला एकसंध 'ॲ', त्याआधीपासून चालत आलेला 'अ' वर चंद्र, आणि हिंदी वळणाचा 'ऍ'. प्रमाणीकरण या तिघांना कधीच एक मानत नाही. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची भर. सूर्यवंशी आणि सुर्यवंशी, क्षीरसागर आणि क्षिरसागर, दोन्ही रूपे रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत नांदत असतात. शिंदे आणि शिन्दे, पंडित आणि पण्डित हेही तसेच.

यावर उपाय एकच. प्रत्येक नावासोबत एक शोधरूप वेगळ्या रकान्यात ठेवावे. मूळ नाव जसेच्या तसे, ते दाखवायला. शोधरूप फक्त जुळवायला. शोधरूप करताना अदृश्य चिन्हे काढावीत, 'ऱ' चा 'र' करावा, तीनही 'ॲ' एक करावेत, दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करावेत, अर्ध्या अनुनासिकाचा अनुस्वार करावा. शेवटच्या नियमात एक खड्डा आहे. तो सरसकट लावला तर 'अण्णा' चा 'अंणा' होतो आणि आपल्या जिल्ह्यात अण्णा सापडेनासे झाले तर कसे चालेल? म्हणून अर्ध्या अनुनासिकापुढे त्याच वर्गातले पहिल्या चारांपैकी व्यंजन असेल तेव्हाच अनुस्वार करायचा, एरवी हात लावायचा नाही. वापरणाऱ्याने टाकलेल्या अक्षरांवरही हीच प्रक्रिया करायची, म्हणजे दोन्ही बाजू एका मापात येतात. जुळलेल्यांत ज्याचे मूळ रूप तंतोतंत जुळते तो वर.

रोमन लिपीत टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक शोधरूप लागते. 'Patil' आणि 'Paatil' एकच, 'Vaidya' आणि 'Waidya' एकच, हे संगणकाला शिकवावे लागते: दुहेरी स्वर एकेरी, डब्ल्यूचा व्ही, झेडएचचा जेएच, इतके केले तरी बहुतेक नावे सापडतात. देवनागरीवरून रोमन रूप यंत्राने करून भागत नाही, कारण माणसे आपले नाव आपल्या मर्जीने लिहितात. ते सदस्यालाच विचारून घ्यावे. टोपणनावाचाही रकाना ठेवावा. कार्यालयात 'दत्तात्रय रामचंद्र' म्हणून कोणी ओळखत नाही, सगळे 'आप्पा' म्हणतात, आणि @ नंतर तेच लिहिणार.

जुन्या सभासद याद्या श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टात असतील तर आधी त्या युनिकोडमध्ये आणाव्यात. रूपांतरानंतर पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधीच साठवलेली राहिली आहे का ते पाहावे. 'विजय' मध्ये 'व' च्या आधी वेलांटी पडली असेल तर पडद्यावर तुटक वर्तुळ दिसते आणि विजय नावाचा माणूस जन्मात सापडत नाही.

नाव सापडले, आता कोणता पाटील? पलूस, तासगाव, वाळवा कुठेही जा, 'संजय पाटील' एका संस्थेत चार निघाले तरी आश्चर्य नाही. यादीत नुसते नाव दाखवणे म्हणजे चुकीच्या माणसाला सूचना पाठवण्याची सोय. नावाखाली बारीक अक्षरांत गाव आणि पद द्यावे: 'संजय पाटील – भिलवडी, वसुली'. वडिलांच्या नावाचे पहिले अक्षरही उपयोगी. क्रम लावताना वर्णानुक्रम शेवटी ठेवावा. आधी त्याच तक्रारीत बोललेले लोक, मग त्याच विभागातले, मग बाकीचे. आठ-दहांहून जास्त नावे दाखवू नयेत, खाली ओढत कोणी जात नाही.

जुळलेली अक्षरे ठळक दाखवायची हौस असेल तर जपून. 'प' शोधला म्हणून 'पाटील' मधला तेवढाच 'प' ठळक केला तर काना सुटा पडतो आणि पुन्हा ते तुटक वर्तुळ. तोडायचे तर अक्षराच्या सीमेवर. त्यासाठी ब्राउझरमध्ये 'इंटल सेगमेंटर' आहे, फायरफॉक्समध्ये तो २०२४ च्या १२५ व्या आवृत्तीपासून मिळाला. 'क्षी' सारखे जोडाक्षर एकच धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली १५.१ मध्ये आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरवर जोडाक्षर अजूनही मधेच तुटते. आमच्या मते ठळक करूच नये. नसले तरी कोणाचे अडत नाही.

यादी कर्सरच्या अगदी खाली तरंगावी हा असाच एक हट्ट. साध्या बहुओळी चौकटीत, म्हणजे टेक्स्टएरियात, ब्राउझर कर्सर कितव्या खुणेवर आहे ते सांगतो, पडद्यावर कुठे आहे ते सांगत नाही. मग त्याच मापाची अदृश्य चौकट मागे उभी करून, फॉन्ट, रुंदी, समास, ओळीची उंची सारे उतरवून मोजावे लागते. चार ओळींच्या तक्रारीसाठी एवढा खटाटोप कशाला? यादी चौकटीच्या कडेला चिकटवून ठेवावी: संगणकावर खाली, फोनवर वर, कारण खालचा अर्धा पडदा कीबोर्डने व्यापलेला असतो. फोनवर एकेका नावाची उंची निदान ४४ पिक्सेल असावी, नाहीतर अंगठा शेजारच्या पाटलांवर पडतो.

नावावर माऊसने टिचकी मारली की काहीच होत नाही, ही तक्रार नेहमीची. टिचकी पूर्ण होण्याआधीच चौकटीवरचा फोकस, म्हणजे टंकनाचा ताबा, जातो आणि फोकस गेला की यादी मिटवायची असे लिहिलेले असते. यादी मिटते, टिचकी हवेत. निवड माऊसचे बटण खाली जातानाच पकडावी आणि फोकस हलू देऊ नये. नाव घालताना चौकटीचा सगळा मजकूर नव्याने भरला तर कंट्रोल-झेड बिघडते, मागे जाता येत नाही. बदल फक्त @ पासून कर्सरपर्यंतच्या तुकड्यात करावा आणि कंट्रोल-झेड मुद्दाम दाबून पाहावे.

नाव बसल्यावर बहुतेक लायब्रऱ्या आपणहून एक मोकळी जागा टाकतात. इंग्रजीला ते सोयीचे. मराठीत 'संजय पाटील यांना' ठीक जमते, पण कनिष्ठ कर्मचारी एकमेकांना 'संजयला' लिहितात आणि प्रत्यय सुटा पडतो. मोकळी जागा टाकण्याचे बंदच करावे. आणि कोणी '@पाटलांना' असे थेट लिहिले तर 'पाटला' ने 'पाटील' सापडत नाही, मान्यांवरून माने सापडत नाहीत. काहीच जुळले नाही की शेवटचे अक्षर एकेक करून सोडावे, दोन अक्षरे उरेपर्यंत. 'पाट' वर पाटील परत येतात.

सर्व्हरकडे किती वेळा विचारायचे? तीनशे माणसांच्या संस्थेत विचारूच नये. एका नावाला सगळे धरून १५० बाइट म्हटले तरी सारी यादी ४५ हजार बाइटांत मावते. लॉगिन झाल्यावर ती एकदा द्यावी, पुढचा शोध ब्राउझरमध्येच. वीस हजार सभासदांच्या पतसंस्थेला मात्र सर्व्हर लागतो. तिथे प्रत्येक अक्षराला विनंती न पाठवता टंकन २५० मिलिसेकंद थांबले की पाठवावी. नेट हळू असेल तर 'पा' चे उत्तर 'पाटी' च्या उत्तरानंतर येते आणि बरोबर यादीवर जुनी यादी बसते. नवी विनंती जाताना जुनी रद्द करावी. डेटाबेसमध्ये 'नावात कुठेही' असा शोध घेतला तर सूची (इंडेक्स) निकामी होऊन दर वेळी सारा तक्ता धुंडाळला जातो. त्यापेक्षा नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव यांचे शोधरूप वेगळ्या तक्त्यात एकेका ओळीवर ठेवावे. वीस हजारांच्या साठ हजार ओळी होतात, सुरुवातीच्या अक्षरांवरून शोध, सूची लागू. आडनाव आधी लिहा की नंतर, सापडतेच.

साठवण्याच्या बाबतीत हयगय नको. मजकुरात नुसते नाव साठवले तर उद्या लग्नानंतर आडनाव बदलले की दुवा तुटतो, आणि चार संजय पाटलांतला नेमका कोण तेही कळत नाही. मजकुरासोबत सभासद क्रमांक, नाव कितव्या खुणेवर सुरू होते आणि त्याची लांबी, असे तिन्ही ठेवावे. नावाच्या आधी काही लिहिले-खोडले की हे आकडे सरकवावेत, नावालाच हात लागला तर टॅग रद्द. इथे मोजणीची गफलत हमखास होते. ब्राउझर देवनागरीची प्रत्येक खूण एक मोजतो, सर्व्हरवरच्या पीएचपी भाषेचे साधे फंक्शन बाइट मोजते आणि देवनागरीची खूण तीन बाइटांची. ब्राउझर म्हणतो नाव सहाव्या खुणेवर, सर्व्हर सहाव्या बाइटवर तोडतो, अक्षरांचा चुरा होतो. पीएचपीत 'एमबी' ने सुरू होणारी फंक्शने वापरावीत. मजकुरात इमोजी असला की तीही बहुधा ब्राउझरशी चुकतात, कारण ब्राउझर बहुतेक इमोजी निदान दोन मोजतो.

ब्राउझरकडून आलेल्या सभासद क्रमांकावर विश्वास ठेवू नये. तो माणूस संस्थेत आहे का, ही तक्रार पाहण्याचा अधिकार त्याला आहे का, हे सर्व्हरने पुन्हा तपासावे. नसता बंद दाराआडच्या तक्रारीत कोणालाही टॅग करून तिचा मजकूर सूचनेतून बाहेर काढता येतो. शेरा दुरुस्त केला तर नव्याने जोडलेल्यांनाच सूचना जावी, जुन्यांना पुन्हा पुन्हा नको.

आणि ही यादी म्हणजे संस्थेची सभासदवहीच असते हे विसरू नये. अ पासून ज्ञ पर्यंत दोन-दोन अक्षरे टाकत गेले की एका संध्याकाळी सगळे सभासद उतरवून घेता येतात. उत्तरात मोबाईल क्रमांक, खाते क्रमांक, जन्मतारीख असे काहीही जाता कामा नये. पडद्यावर दिसत नाही म्हणून चालत नाही, ब्राउझरच्या नेटवर्क खिडकीत ते उघडे असते. लॉगिनशिवाय यादी नको, मिनिटाला विनंत्यांची मर्यादा हवी, आणि सामान्य सभासदाला फक्त कर्मचारी दिसावेत, दुसरे ठेवीदार नव्हेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्यात संस्थेची जबाबदारी संस्थेवरच येते, संकेतस्थळ करणाऱ्यावर ढकलता येत नाही.

अंध कर्मचाऱ्यांसाठी यादी उघडली आणि 'पाच नावे' आली हे पडदावाचकाला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) कळावे, बाणाच्या कळेने फिरताना नाव आणि गाव वाचले जावे, एस्केपने यादी मिटावी आणि फोकस चौकटीतच राहावा. एनव्हीडीए हा पडदावाचक फुकट मिळतो, त्यात मराठी आवाजही आहे. हे पाहायला अर्धा तास पुरतो.

तयार लायब्ररी बसवायला अर्धा दिवस लागतो. वर लिहिलेले सगळे करायला चार-पाच दिवस, आणि तेवढे पैसे करणाऱ्याला द्यायला हवेत. पण शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कार्यालयातल्याच इन्स्क्रिप्टवर आणि एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर कऱ्हाडकर, ॲड. सूर्यवंशी, अण्णा, क्षीरसागर आणि किमान दोन संजय पाटील समोर बसून शोधून घ्यावेत. एकदा दर लिहून पाहावा, एकदा ईमेलचा पत्ता.

कळावे,
संकेतस्थळांची कामे करणारे काही वाचक,
विश्रामबाग, सांगली